दहावीनंतरचा मश्वरा

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वीस वर्षं मानसशास्त्र शिकवते. 'समुपदेशन' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. पण लवासाच्या आसपासच्या गावांत हा शब्द उच्चारला की आई-बाप दबकतात. "पोराला काही झालंय का, मॅडम?" असं विचारतात. 'मार्गदर्शन' म्हणावं, तर त्यांना शिबिर वाटतं. सतरंजी, माइक, पाहुण्यांचा सत्कार, भाषण आणि घरी. एका घरात आजीनं माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मतलब तुम मश्वरा देने आयी." तेव्हापासून मी मुसलमान घरात मश्वरा म्हणते आणि इतरांच्या घरात 'बोलायला आलेय' एवढंच सांगते. काम दोन्हीकडे तेच असतं.

आम्ही चार मैत्रिणी आहोत. दोघी शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक परिचारिका. महिन्यातला एखादा रविवार काढून आम्ही मुळशीत या बाजूला जातो आणि नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसतो. संस्था नाही, नोंदणी नाही, फलक नाही. तिथं जे दिसतं, त्यातलं काही या लेखात मांडते आहे.

लवासा बहुतेकांना पावसाळी सहलीचं ठिकाण म्हणून माहीत आहे. पिरंगुटवरून टेमघर धरणाच्या बाजूनं घाट चढायचा, खाली तळ्याकाठची रंगीत घरं बघायची, फोटो काढायचे, भाजलेलं कणीस खायचं आणि अंधाराच्या आत परत फिरायचं. ते तळं म्हणजे वरसगाव धरणाचं पाणी आणि ते खोरं म्हणजे मोसे नदीचं खोरं. २००१मध्ये सरकारनं इथली अठरा गावं गिरिस्थानासाठी जाहीर केली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रकल्पातलं पहिलं नगर दासवे इथं उभं राहिलं, इटलीतल्या पोर्तोफिनोचा नमुना समोर ठेवून. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवण्याची नोटीस दिली. पुढच्या वर्षी अटींसह परवानगी मिळाली, पण गेलेला वेग परत आला नाही. ऑगस्ट २०१८मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ठरलेलं शहर आजही पूर्ण झालेलं नाही.

हा इतिहास मी सांगते आहे तो जमिनीच्या वादासाठी नाही. त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. मला त्यातली वेगळी गोष्ट दिसते. आज दहावीत असलेल्या मुलांचे बाप २०१०च्या सुमारास विशी-पंचविशीत होते. त्यातला एक जण मला म्हणाला, "मॅडम, त्या टायमाला आम्हाला कुणी विचारलं असतं ना, पुढं काय करणार, तर आम्ही एकच सांगितलं असतं. लवासा." तो फरशी बसवायला शिकला तो तिथंच. काम थांबलं तेव्हा हातात कला होती, पण ती कुठं खपते हे माहीत नव्हतं. सहा महिने घरी बसला आणि मग हिंजवडीच्या इमारतींवर गेला. एका अख्ख्या पिढीला सल्ला मिळाला तो एका फाटकाकडून. फाटक उघडं होतं तोवर सल्ला बरोबर होता.

समुपदेशनाच्या पुस्तकात हे वाक्य सापडत नाही, पण मला वाटतं दहावीच्या मुलाला द्यायचा पहिला सल्ला हाच असावा: एकाच फाटकावर विसंबू नकोस. काम शीक, पण ते काम आणखी कुठं कुठं चालतं, तेही शीक.

आम्ही मुलांना सुरुवातीला एक साधी गोष्ट करायला सांगतो. वहीचं एक पान घ्यायचं आणि माणसं पैसे मिळवण्यासाठी जी जी कामं करतात, ती सगळी लिहायची. दहा मिनिटं वेळ. शहरातल्या शाळेत मुलं पान उलटून मागेही लिहितात. इथं यादी पंधरा-सोळाच्या पुढे क्वचितच जाते. पोलीस, आर्मी, नर्स, शिक्षक, ड्रायव्हर, जेसीबीवाला, वॉचमन, हॉटेलात काम, गवंडी, पेंटर, तलाठी, वायरमन, शेती, दुकान. मुलं हुशार नाहीत असं अजिबात नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेच ती लिहितात. लवासात ख्राइस्ट विद्यापीठाचं आवार आहे, देशभरातली मुलं तिथं येऊन व्यवस्थापन आणि डेटा सायन्स शिकतात. पण खोऱ्यातल्या मुलांच्या यादीत प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, हिशेबनीस यातलं एकही काम मला आजवर सापडलं नाही. अंतर काही किलोमीटरचं आहे. पण रस्त्यानं जवळ असलेली गोष्ट मनानंही जवळ असतेच असं नाही.

शासनानं यावर काही केलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. १९५२-५३च्या मुदलियार आयोगानं माध्यमिक शाळांसाठी प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि 'करिअर मास्तर' नेमा असं सुचवलं होतं. कोठारी आयोगानं १९६६मध्ये परिस्थिती ओळखून व्यवहार्य मार्ग सांगितला: प्रत्येक शाळेला समुपदेशक देणं जमत नसेल, तर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक द्या. महाराष्ट्रात २०१६पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य आणि जैविक विज्ञान, कला आणि मानव्यविद्या, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठं आहे, ते ती सांगायची. काही वर्षं ती चालली आणि बंद पडली. २०२०मध्ये युनिसेफच्या मदतीनं महाकरिअर पोर्टल आलं. शाळेच्या सरल क्रमांकावरून त्यात शिरता येतं आणि शेकडो अभ्यासक्रमांची माहिती मिळते. चांगलं आहे, मी स्वतः वापरते. पण डोंगराआड मोबाईलला रेंज नसली की शेकडो अभ्यासक्रमही डोंगराआडच राहतात. आणि माहिती मिळाली तरी तिचा आपल्या घराशी संबंध जोडून देणारं माणूस लागतंच.

कलचाचणीबद्दल एक सांगते. चाचणी वाईट नव्हती, पण तिच्याकडून अपेक्षा भलतीच होती. कल म्हणजे आवडीचा रोख. तो घराची ऐपत सांगत नाही, रस्ता सांगत नाही, वसतिगृह सांगत नाही. 'आरोग्य आणि जैविक विज्ञान' असं छापलेला कागद हातात घेऊन मुलगी घरी येते. त्यानंतर तिनं काय करायचं, हे त्या कागदावर नसतं.

असाच एक प्रश्न मला एका मुलीनं विचारला. तिच्याविषयी लिहायला तिनं परवानगी दिली आहे, फक्त नाव नको म्हणाली.

मुलगी मुलाण्यांच्या घरातली. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, पश्चिम महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार. गावाचं बकरं हलाल करायचं, मशिदीची किंवा पिराच्या ठाण्याची देखभाल करायची आणि त्याबदल्यात गावाकडून बलुतं घ्यायचं, हे त्याचं पिढीजात काम. एका गावात घर एकच, फार तर दोन. शेजारी सगळे मराठा, धनगर, महादेव कोळी, कातकरी. मुलीचे आजोबा हेच काम करत. गावाचा मोठा भाग धरणाच्या पाण्यात गेला, माणसं वर सरकली किंवा खाली मैदानात गेली आणि बलुतं आपोआप संपलं. वडील पेंटर. लवासातल्या बंगल्यांना रंग दिला, आता पिरंगुटच्या बाजूला कामं घेतात.

दहावीच्या परीक्षेआधी एका रविवारी सगळी मुलं गेल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, गणित सोडलं तर पुढं कुठली दारं बंद होतात?"

इतका नेमका प्रश्न मला पुण्यात सुशिक्षित पालकांनीही विचारलेला नाही. ते विचारतात, कुठल्या शाखेला स्कोप आहे. ही विचारत होती, काय गमवावं लागेल. ज्यांच्याकडे गमवायला फार नसतं, त्यांना हा प्रश्न आधी सुचतो.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि वहीत दारं काढली. गणित सोडून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेतलं, तर अभियांत्रिकीच्या पदवीचं नेहमीचं दार बंद. बीएस्सी नर्सिंगचं उघडं, कारण तिथं जीवशास्त्र लागतं. बी फार्मसीचं उघडं, तिथं गणित किंवा जीवशास्त्र यातलं एक चालतं. जीएनएम ही तीन वर्षांची नर्सिंगची पदविका कला शाखेतून बारावी करूनही करता येते. दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे. आयटीआय आहे, आणि दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. हे शेवटचं ऐकून ती थांबली. "म्हणजे आयटीआय केलं की संपलं, असं नाही?" नाही, संपत नाही. पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आयटीआय म्हणजे शिकायची कुवत नसलेल्यांची जागा, असंच सगळीकडे बोललं जातं.

मे २०२५मध्ये निकाल लागला. त्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ते फक्त मोठ्या शहरांच्या भागांत होते. अर्जाचे दोन भाग, दुसऱ्या भागात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम. वडील तिला घेऊन बाजारच्या गावातल्या एका कॅफेत गेले. तिथल्या पोरानं झटपट पुण्यातली दहा नामवंत नावं भरली. त्याचा हेतू वाईट नव्हता. मुलीला चांगले गुण आहेत, मग चांगली कॉलेजं टाकू, एवढा सरळ हिशेब त्यानं केला.

अर्ज लॉक करायच्या आधी तिनं मला फोन केला, म्हणून निभावलं. कारण पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं. तिला पहिलं नाव मिळण्याइतके गुण होते. आणि तिथं रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. शिवाजीनगरला पोचायला पहाटे निघावं लागलं असतं, तेही घाटाचा रस्ता चालू असेल तर. २०२४च्या जुलैत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले, ते या खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही. तिच्या वडिलांनी तर नाहीच.

मी त्यांच्याशी बोलायला गेले तेव्हा मनात तयारी करून गेले होते. मुलीला शिकू द्या, लग्नाची घाई करू नका, असं काहीबाही. त्यांनी ते सगळं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "मॅडम, शिकवायचं नाही असं मी कधी म्हणालो? मला फक्त एवढं सांगा, ती राहणार कुठं?"

दहावीनंतरच्या वाटा दाखवणारे तक्ते मी पुष्कळ पाहिलेत. बाण असतात, चौकोन असतात, रंग असतात. 'ती राहणार कुठं' असा चौकोन एकाही तक्त्यात नसतो. मुसलमान बाप मुलीला शिकवत नाही, हे आपल्याकडे इतक्या सहजपणे बोललं जातं की बापाचा खरा प्रश्न ऐकूच येत नाही. तोच प्रश्न शेजारच्या धनगराच्या घरातही असतो. तिथं त्याला गरिबी म्हणतात, रस्ता नाही म्हणतात. आमच्या घरात त्याला मजहब म्हणतात.

त्या संध्याकाळी आम्ही नातेवाइकांची यादी केली. खाला पिरंगुटजवळ राहते. तिचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. फोन लावला. खाला म्हणाली, "भेज दो, एक रोटी जादा लगेगी, और क्या." मग पसंतीक्रम उलटा केला. जिथून खालाच्या घरी उजेडात परत येता येईल, अशी महाविद्यालयं वर घेतली. मुलीनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं. दारं शक्य तितकी उघडी राहू देत म्हणाली.

आता कागदाची गोष्ट. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात मी कधी जातीच्या दाखल्यावर धडा घेतला नव्हता, आता घेते. महाराष्ट्रात मुलाणी, तांबोळी, अत्तार, शिकलगार, मणियार, बागवान अशा कितीतरी मुसलमान बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. मुस्लिम ओबीसी चळवळीनं त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आहेत. २०२४-२५पासून राज्यानं ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा समाजासाठीच्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. म्हणजे या मुलीनं बारावीनंतर नर्सिंगची किंवा फार्मसीची पदवी घ्यायची ठरवली, तर दाखला असण्या-नसण्यात घराच्या वर्षाच्या कमाईएवढा फरक पडू शकतो.

दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुसलमान'. बस, एवढंच. त्या काळच्या मास्तरांना त्यापुढे विचारायची गरज वाटली नसेल, आणि आपल्या लोकांनाही सांगायची नसेल. आपण मशिदीत एका रांगेत उभे राहतो, जात कशाला सांगायची, हा विचार चांगलाच आहे. पण सरकारी रकान्यात त्याची किंमत नातीला मोजावी लागते. मग चुलत आजोबांच्या घरची पत्र्याची पेटी उघडली. त्यांच्या दाखल्यावर स्वच्छ मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलाणी'. त्यावरून वंशावळ केली, प्रतिज्ञापत्र केलं, अर्ज गेला. हे लिहीत असताना दाखला हातात आलेला नाही. त्यानंतर पडताळणी आहे, नॉन क्रीमी लेयर आहे. दोन वर्षं हातात आहेत, म्हणून घाबरायचं कारण नाही. बारावीच्या निकालानंतर पेटी उघडली असती, तर मात्र होतं.

सच्चर समितीनं २००६मध्ये सांगितलं होतं की सहा ते चौदा वयाची सुमारे २५ टक्के मुसलमान मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. हा आकडा आपण भाषणांत खूप वापरतो. पण गळती एका दिवसात होत नाही. आठवीत मुलगा सुट्टीत मामाच्या गॅरेजवर जातो. नववीत शनिवार-रविवारी जातो. दहावीत नापास होतो आणि मग जातच राहतो. यात आळस कमी आणि हिशेब जास्त असतो. घरातल्या कुणा बी.कॉम. झालेल्या भावाला नोकरी मिळालेली नसते, गॅरेज मात्र पहिल्या महिन्यापासून पैसे देतं. त्या मुलाला शिक्षणाचं महत्त्व सांगून उपयोग नाही. त्याला दुसरा हिशेब दाखवावा लागतो. हेच हात, हेच पाने, पण मोटार मेकॅनिकचा ट्रेड, मग शिकाऊ उमेदवारी आणि विद्यावेतन, मग हवं तर पदविका. गॅरेज सोडू नकोस, गॅरेजला प्रमाणपत्र जोड. हे ऐकून मुलगा निदान मान वर करतो.

शिक्षकांबद्दलही बोलायला हवं. एका शाळेत एक सर मला अगदी आपुलकीनं म्हणाले, "तुमची मुलं धंद्यात हुशार असतात, त्यांना कशाला सायन्सच्या फंदात पाडता?" कातकरी मुलांबद्दल तेच सर म्हणाले, "ती टिकत नाहीत हो, भट्टीवर जातात." दोन्ही वाक्यांत राग नव्हता. पण मूल समोर यायच्या आधीच त्याचा रस्ता ठरला होता. समुपदेशकाचं निम्मं काम मुलाशी बोलायचं असतं आणि उरलेलं निम्मं अशा वाक्यांशी.

आता दुसऱ्या बाजूबद्दल, जिच्यासाठी 'मार्गदर्शन' हा शब्द पुरत नाही. नववीतला एक मुलगा, धनगराच्या घरातला, वह्या कोऱ्या ठेवू लागला. आई म्हणाली, "बोलतच नाही, जेवतबी नाही धड." त्याच्याशी बोलायचं कुठं, हाच पहिला प्रश्न. शाळेत वेगळी खोली नाही. देवळाच्या कट्ट्यावर बसलं तर तासाभरात अख्ख्या गावाला कळतं. शेवटी आम्ही दोघं बांधावरून चालत राहिलो. अर्धा तास तो गुरांबद्दल बोलला. मग म्हणाला, "मोठा भाऊ दहावीला नापास झाला तवा लई हसले सगळे. मी परीक्षेला बसलोच नाय तर नापास कसा होईन?"

एवढंच होतं. पण हे एवढंच कुणी ऐकलं नाही, तर किती वाढतं, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. त्यातल्या २,२४८ परीक्षेतल्या अपयशामुळे. त्या मुलाला आणि त्याच्या आईला आम्ही टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक पाठ करायला लावला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. माझी परिचारिका मैत्रीण दर पंधरा दिवसांनी त्याला फोन करते. तो बहुतेक वेळा गुरांबद्दलच बोलतो. आम्हाला तेवढं पुरतं.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. त्याहून कमी असतील, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. मुलं आणि पालक दोघांसाठी करिअर समुपदेशनही त्यात आहे. मी ते वाचलं तेव्हा मला या खोऱ्यातल्या छोट्या शाळा आठवल्या. त्यांतल्या बऱ्याच 'कमी असतील तर' या वाक्यात येतात. आणि अशी वाक्यं कागदावर राहायला वेळ लागत नाही. म्हणून मला कोठारी आयोगाची जुनी सूचनाच बरी वाटते. दहा शाळा, एक माणूस, एक मोटारसायकल. सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात. मुलांना वार माहीत असावा, म्हणजे झालं. नवं काही मागायची गरज नाही, १९६६ची मागणी पूर्ण केली तरी चालेल. आणि जिथं शेजारीच विद्यापीठाचं आवार आहे, तिथं त्या मुलांनी आणि या मुलांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायला कुणाची परवानगी लागेल, असं मला वाटत नाही.

ती मुलगी आता अकरावीत आहे. सोपं चाललेलं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. रसायनशास्त्रात पहिल्या चाचणीत जेमतेम गुण मिळाले. खालाच्या घरी रात्री दहानंतर दिवा चालू ठेवता येत नाही, म्हणून पहाटे फजरच्या अजानला उठून अभ्यास करते. मध्यंतरी म्हणाली, "मॅडम, नाही जमलं तर?" मी वहीतली दारं आठवायला सांगितली. नाही जमलं, तर जीएनएम आहे, पदविका आहे, फार्मसी आहे. हे ऐकून ती निश्चिंत झाली असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात तिनं मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीतल्या मराठी-इंग्रजी नावांची यादी करून पाठवली आणि चुका तपासा म्हणाली.

वाचकांना माझं सांगणं थोडं आहे. तुमच्या घरात, नात्यात, मोहल्ल्यात नववीत कोण आहे ते बघा. दहावीची वाट बघू नका. आजोबा-पणजोबांचे दाखले आत्ता शोधा आणि रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. ओबीसीत बसत नसाल, तर आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. खुल्या वर्गातल्या मुसलमानांनाही ते मिळतं, हे अनेकांना ठाऊक नाही. तुमच्यात कुणी नर्स, वायरमन, वकील, बँकेतला कारकून असेल, तर एका रविवारी चार मुलांना घेऊन बसा आणि आपण इथवर कसे आलो, किती पैसे लागले, कुठं राहिलो, कुठं अडलो ते सांगा. यशाची गोष्ट सांगायची गरज नाही, रस्ता सांगा. आणि जूनमध्ये जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी एक टेबल, एक लॅपटॉप आणि अर्ज भरता येणारा एक तरुण बसवा. शेजारच्या मराठ्याचं, धनगराचं, कातकऱ्याचं पोर आलं तर त्याचाही अर्ज भरा. लॉक करायच्या आधी मात्र प्रत्येकाला एकदा विचारा: बाळा, तू राहणार कुठं?